घाणेरी काढण्याआधी नकाशा हवा, काढल्यानंतरही हवा : राज्याच्या वन विभागास खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबल प्रमुख), महाराष्ट्र राज्य, नागपूर
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), महाराष्ट्र राज्य, नागपूर

माहितीसाठी : महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, नागपूर

विषय : आक्रमक परदेशी वनस्पतींचे नियतक्षेत्रनिहाय (म्हणजे एकेका वनरक्षकाच्या हद्दीनुसार) नकाशे तयार करणे आणि निर्मूलनाच्या कामाचे नियोजन, मोजमाप व पाठपुरावा त्या नकाशांवरून करणे.

महोदय,

मी अमरावती जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थिनीने मला संगणकावर नकाशे करायला शिकवले. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीनंतर ते होळीपर्यंत आम्ही पाच-सहा जणी मेळघाटच्या पायथ्याच्या टेकड्यांवर गावकऱ्यांच्या सोबतीने हिंडतो आणि घाणेरीच्या जाळ्या कुठे आहेत, किती दाट आहेत, त्यांच्याखाली काय उरले आहे याची नोंद करतो. त्या हिंडण्यातून जे कळले ते आपल्यापुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. आक्रमक वनस्पती काढण्याचे काम सर्वसाधारणपणे हेक्टरमध्ये मंजूर होते, हेक्टरमध्ये मोजले जाते आणि हेक्टरमध्येच संपते. ते नकाशावर सुरू व्हावे, नकाशावर मोजले जावे आणि झुडूप काढल्यानंतर निदान तीन पावसाळे त्याच नकाशावर तपासले जावे, ही माझी विनंती आहे.

घाणेरी म्हणा, टणटणी म्हणा, हे झुडूप मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले असून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणले गेले. आमच्या पिढीने लहानपणी त्याच्या फुलांतला मध चोखला आणि काळी फळे खाल्ली, त्यामुळे ते परके आहे हेच अनेकांना पटत नाही. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातील वाघांच्या अधिवासातील जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात घाणेरी पसरलेली आहे, आणि मध्य भारतातील तुकड्यातुकड्यांत उरलेली पानझडी जंगले तिच्या सर्वाधिक तावडीत सापडलेल्या प्रदेशांपैकी आहेत. आपले विदर्भातील जंगल याच पट्ट्यात येते. त्याच संस्थेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये घाणेरीसह अकरा आक्रमक वनस्पतींचा देशव्यापी आढावा प्रसिद्ध केला. त्यात देशातील नैसर्गिक क्षेत्रांपैकी २२ टक्के क्षेत्रात त्या प्रत्यक्ष आढळल्या आणि ६६ टक्के क्षेत्राला त्यांच्यापासून धोका संभवतो, असे दिसून आले.

या आकड्यांइतकीच त्यांची जन्मकथा महत्त्वाची आहे, आणि ती आपल्या विभागाच्या वनरक्षकांची कथा आहे. २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत वनरक्षक आपल्या नियतक्षेत्रात ठरलेल्या ट्रान्सेक्टवरून, म्हणजे आखलेल्या सरळ रेषेवरून, चालतो. तृणभक्षी प्राणी मोजून झाल्यावर तो दर ४०० मीटरवर थांबतो आणि तिथली झाडे, झुडपे, गवत व तण यांची नोंद तक्त्यात करतो. देशभरातून जमलेल्या अशा लाखाहून अधिक ठिकाणांच्या नोंदींवरून वरील अभ्यास उभे राहिले. म्हणजे महाराष्ट्रातील घाणेरीच्या नकाशाचा कच्चा माल आपल्याच माणसांनी, आपल्याच जंगलात, ऊन खात चालून गोळा केलेला आहे. त्यातून वाघांची संख्या परत येते आणि वर्तमानपत्रात छापली जाते. ज्याने नोंदी केल्या, त्या वनरक्षकाच्या हाती मात्र त्याच्या नियतक्षेत्राचा घाणेरीचा नकाशा पडलेला मी तरी पाहिलेला नाही. २०२६ च्या फेरीतील झुडपांच्या आणि तणांच्या नोंदी राज्य पातळीवर वेगळ्या काढून प्रत्येक नियतक्षेत्राला परत द्याव्यात, ही माझी पहिली मागणी आहे. तिला नवा निधी लागत नाही.

हे अशक्य नाही, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. वणव्याच्या बाबतीत उपग्रहाने टिपलेल्या आगीचा इशारा भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या मोबाईलवर येतो आणि कर्मचारी त्या ठिकाणाकडे निघतो. आकाशातून दिसलेली गोष्ट कोणत्या नियतक्षेत्रात आहे हे तिथल्या माणसापर्यंत पोचवण्याची ही वाट एकदा तयार झालेली आहे. घाणेरी आगीसारखी धावत नाही. तिच्यासाठी दररोजचा इशारा नको; वर्षातून एक नकाशा पुरेसा आहे.

आता उपग्रहाला काय दिसते आणि काय दिसत नाही, यावर थोडे विस्ताराने लिहिते, कारण या तंत्राविषयी एकीकडे अविश्वास आणि दुसरीकडे भाबडा विश्वास, दोन्ही मी बैठकांमध्ये ऐकले आहेत. युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांची २०१५ पासूनची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात आणि ढग नसतील तर साधारण पाच दिवसांनी एकाच जागेचे नवे चित्र उपलब्ध होते. त्या चित्रातील सर्वात बारीक चौकोन १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे आपल्या भाषेत जवळजवळ एक गुंठा. जुन्या लँडसॅट उपग्रहांचा चौकोन ३० मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा. पण त्यांची चित्रे १९८० च्या दशकापासूनची आहेत, म्हणून मागे वळून पाहायला त्यांच्यासारखे साधन नाही. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. त्या दोन्हींच्या प्रमाणावरून प्रत्येक गुंठ्यात हिरवेपणा किती, हे संगणक सांगू शकतो. तो हिरवेपणा सागाचा आहे, बांबूचा आहे की घाणेरीचा, हे सांगणे मात्र अवघड आहे. त्यातही घाणेरी बहुतेक ठिकाणी झाडांच्या छायेखाली असते आणि उपग्रह वरून पाहतो. पावसाळ्यातील किंवा दिवाळीच्या सुमाराच्या चित्रात सागाच्या पानांचे छत दिसते, खालची जाळी दिसत नाही.

इथे वनस्पतिशास्त्र मदतीला येते. साग, धावडा, मोई, सालई यांची पाने गळून गेल्यावर, साधारण फेब्रुवारी-मार्चच्या चित्रांत, छत उघडते आणि खाली जे हिरवे उरले आहे ते दिसू लागते. ओलावा असलेल्या नाल्याकाठच्या आणि उत्तर उताराच्या घाणेरीच्या जाळ्या तेव्हाही बऱ्यापैकी हिरव्या असतात. म्हणून एकच चित्र न घेता पावसाळ्यानंतरचे एक, पानगळीच्या मध्यावरचे एक आणि भर उन्हाळ्यातील एक अशी तीन चित्रे एकमेकांवर ठेवून पाहावी लागतात. कोणती वनस्पती कधी हिरवी असते, कधी फुलते आणि कधी वाळते, हे ज्याला ठाऊक आहे त्याने चित्रांच्या तारखा निवडाव्यात. हे काम केवळ संगणकतज्ज्ञावर सोपवले तर सर्वात स्वच्छ, ढग नसलेले चित्र निवडले जाते, आणि ते नेमके चुकीच्या महिन्यातले असू शकते.

तरीही चुका होतात, आणि माझ्या हातून झालेली एक इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. मी केलेल्या पहिल्या नकाशात एका टेकडीचा सगळा दक्षिण उतार घाणेरीने भरलेला दाखवला होता. संगणकाने तसे सांगितले होते आणि मी ते मानले. तो नकाशा घेऊन आम्ही उतारावर पोचलो तेव्हा सोबतच्या वनमजूर मावशींनी कागदाकडे न पाहताच सांगितले, "बाई, हे घाणेरी नाई, करवंद होय." करवंदही उन्हाळ्यात हिरवेच राहते, त्याचीही जाळी होते, आणि एका गुंठ्याच्या चौकोनात त्या दोन हिरव्या रंगांमध्ये फरक करण्याइतके नमुने मी संगणकाला दाखवलेच नव्हते. माझा तो नकाशा घेऊन जर कोणी मजुरांची टोळी लावली असती, तर अस्वल, पक्षी आणि गावची मुले ज्याच्यावर जगतात ते करवंद आक्रमक वनस्पती म्हणून उपटले गेले असते. त्या दिवसापासून आम्ही नियम केला की निम्म्या नोंदी संगणकाला शिकवण्यासाठी वापरायच्या आणि निम्म्या बाजूला ठेवून त्यांच्यावर नकाशाची परीक्षा घ्यायची. नकाशाच्या कोपऱ्यात दोन चुका स्वतंत्रपणे लिहायच्या, हेही तेव्हाच ठरले : जिथे घाणेरी दाखवली पण नाही अशा जागा किती, आणि जिथे आहे पण दाखवली नाही अशा किती. पहिल्या चुकीने मजुरी वाया जाते आणि देशी झुडुपांचा बळी जातो, दुसरीने बियांचा साठा मागे राहतो. 'नकाशा ८५ टक्के अचूक' असे एकच वाक्य जेव्हा अहवालात येते, तेव्हा या दोहोंपैकी कोणती चूक उरलेल्या १५ टक्क्यांत दडली आहे, हे विचारण्याची पद्धत आपल्या कार्यालयांमध्ये पडावी.

इस्रो आणि नासा यांचा निसार हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. त्याच्या लांब तरंगलांबीच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि काही प्रमाणात पर्णछत भेदून आत पोचतात, त्यामुळे पावसाळ्यातही जंगलाच्या रचनेतील बदल टिपता येण्याची आशा आहे. परंतु त्या चित्रांवरून घाणेरी आणि तिच्याएवढ्याच उंचीचे दुसरे झुडूप वेगळे ओळखता येईल, असे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये. उपग्रहचित्रांवर काम करणाऱ्या नागपूरच्या सुदूर संवेदन केंद्राने मेळघाट, ताडोबा किंवा नवेगाव-नागझिऱ्यातील एखाद्या परिक्षेत्रात, म्हणजे अनेक नियतक्षेत्रांच्या गटात, आधी ते पडताळून पाहावे. ड्रोनच्या बाबतीतही माझे मत सावध आहे. कुरणे, तलावांचे काठ, रस्त्याकडेचा भाग यांच्यासाठी ते उत्तम आहे. सह्याद्रीत हिवाळ्यात रानमोडी हे दुसरे आक्रमक झुडूप फुलते तेव्हा तिचे फिक्या फुलांचे ताटवे ड्रोनच्या चित्रात झटकन वेगळे कळतात. दाट जंगलावर, विशेषतः पक्ष्यांच्या विणीच्या काळात, ते उडवू नये.

नकाशा हाती आल्यावर काम कुठून सुरू करायचे, हा या पत्रातील सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे. कामाचा दर हेक्टरवर ठरलेला असेल, तर काम घेणारा साहजिकच सर्वात दाट, एकसलग जाळीकडे जातो, कारण तिथे एका ठिकाणी उभे राहून हेक्टर भरतात. झुडपाच्या पसरण्याचे गणित याच्या उलट आहे. दाट जाळी आधीच भरलेली असते आणि काठाकाठाने हळूहळू वाढते. नवे क्षेत्र व्यापतात ती दूर, एकेकटी उगवलेली झुडपे, कारण बुलबुल आणि साळुंकी फळे खाऊन पुढच्या झाडावर बसतात आणि तिथे बी टाकतात, आणि त्या प्रत्येक झुडपाला सर्व बाजूंनी वाढायला मोकळी जागा असते. वणवा विझवणारा माणूस मुख्य जाळाशी झुंजताना वाऱ्याने पुढे उडालेल्या ठिणग्यांकडे आधी धावतो. घाणेरीच्या बाबतीत आपण ठिणग्या सोडून देतो. ही विखुरलेली झुडपे कुठे आहेत, हे नकाशाशिवाय कळत नाही आणि ती काढायला दिवसभर चालून कदाचित चाळीसच झुडपे हाती लागतात. अशा कामाला हेक्टरी दर लागूच पडत नाही. त्यासाठी रोजंदारीवरील, तीच ती जागा वर्षानुवर्षे ओळखणारी छोटी पथके हवीत. नाल्यांच्या उगमाकडून खाली, पाणवठ्यांभोवती आणि कुरणांच्या कडेने असा क्रम नकाशावरून ठरवावा आणि सर्वात दाट पट्टे शेवटी, लहान लहान तुकड्यांत घ्यावेत. एकदम मोठा पट्टा उघडा केला तर त्यात लपणारे प्राणी एका रात्रीत बेघर होतात, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर पहिल्या पावसात रानतुळस, तरोटा किंवा गाजरगवत माजते.

हेक्टरच्या मोजमापातील दुसरी अडचण अशी की त्यातून जागा कळत नाही. समजा, तीनशे हेक्टरच्या एखाद्या कक्षात, म्हणजे जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यात, पन्नास हेक्टरवरील घाणेरी काढली अशी नोंद आहे. ती पन्नास हेक्टर कोणती, हे त्या वर्षीच्या वनरक्षकाला ठाऊक असते. त्याची बदली झाली की ती माहिती त्याच्यासोबत जाते आणि चार वर्षांनी त्याच जागी पुन्हा तेवढेच काम प्रस्तावित होऊ शकते. काढलेल्या प्रत्येक तुकड्याची सीमा मोबाईलवरील जीपीएस घेऊन चालून आखावी, काम करण्यापूर्वीचा आणि नंतरचा फोटो एकाच बिंदूवरून घ्यावा, आणि ती आकृती कक्षाच्या कायम नकाशात जावी. व्याघ्र प्रकल्पांतील कर्मचाऱ्यांच्या हाती गस्तीसाठी एम-स्ट्राइप्स ही प्रणाली आहेच. चाललेला मार्ग नोंदवण्याची सवय त्यांना झालेली आहे. बांध घालताना शेतकरी जसा जागेवर उभा राहून खुणा करतो, तसे हे काम आहे.

मग तीन वर्षांनी त्या सीमांच्या आत काय आहे, हे पाहावे. घाणेरी वरून छाटली तर बुंध्यापासून पुन्हा फुटते, जाळली तरी फुटते, हे आपल्या प्रत्येक वनमजुराला माहीत आहे. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या पद्धतीत खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या भागाच्या खाली, जमिनीत सुमारे तीन इंचांवर मुख्य मूळ तोडतात आणि पूर्ण जाळी उलटी करून वाळत ठेवतात. तिला ना यंत्र लागते, ना रसायन. तेवढ्यावर मात्र भागत नाही. जमिनीत पडलेले बी पुढच्या पावसाळ्यांत उगवत राहते, ते हाताने उपटावे लागते, आणि मोकळ्या जागेत मारवेल, पवना यांसारखी स्थानिक गवते लवकरात लवकर उभी करावी लागतात. हे पाठपुराव्याचे काम झाले की नाही, हे सेंटिनेलच्या चित्रांतून बसल्या जागी बरेचसे कळते : गवत उन्हाळ्यात वाळते, पुन्हा फुटलेली घाणेरी तितकी वाळत नाही, आणि तो फरक मार्चच्या चित्रात उमटतो. चित्रांचा साठा २०१५ पासूनचा असल्याने गेल्या दहा वर्षांत ज्या जागी काम झाले त्यांच्या सीमा उपलब्ध असतील तर त्यांचे आज काय झाले आहे, याची तपासणी काही आठवड्यांत होऊ शकते. अशी तपासणी कुणाला दोषी ठरवण्यासाठी होऊ नये, अन्यथा कोणीच सीमा देणार नाही. कोणत्या जमिनीवर, कोणत्या पद्धतीने केलेले काम टिकले, हे शिकण्यासाठी ती व्हावी, आणि कामाच्या रकमेचा काही भाग पुढील तीन वर्षांच्या पाठपुराव्यासाठी राखून ठेवण्याचा निर्णय तिच्या आधारे घेतला जावा.

नकाशा स्वतःच नुकसान करू शकतो, हेही इथे सांगितले पाहिजे. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील माळराने सरकारी नकाशांत दीर्घकाळ 'पडीक' म्हणून रंगवली गेली. ज्या माळावर माळढोक, तणमोर, धाविक, लांडगा आणि काळवीट जगतात, ज्यावर मेंढपाळांची वाट जाते, त्याला पडीक असे नाव पडल्यावर तिथे झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरले, आणि लवकर वाढते म्हणून गिरिपुष्प हे परदेशी झाड लावले गेले. गुजरातमधील बन्नीचे उदाहरण याहून मोठे आहे. कच्छच्या रणाचा विस्तार थांबावा म्हणून १९६१ च्या सुमारास तिथे सुमारे ३१,५०० हेक्टरवर वेडी बाभूळ पेरली गेली. आज आशियातील सर्वोत्तम गवताळ प्रदेशांत गणल्या गेलेल्या त्या सुमारे २,५०० चौरस किलोमीटरच्या कुरणाचा निम्म्याहून अधिक भाग तिने व्यापला आहे. तिथले लोक तिला 'गांडो बावळ' म्हणतात, म्हणजे आपण म्हणतो तेच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टरहून मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असेल तर ती जागा वनाच्छादनात धरली जाते, मग झाड कोणतेही असो. त्यामुळे माळरानावर माजलेली वेडी बाभूळ नकाशावर हिरवी भर म्हणून दिसू शकते. म्हणून राज्याच्या आक्रमक वनस्पतींच्या नकाशात माळराने स्वतंत्र रंगाने, स्वतंत्र अधिवास म्हणून दाखवावीत, आणि तिथे भर उन्हाळ्यात दिसणारा दाट हिरवा ठिपका आनंदाचा न मानता तपासणीचा मानावा. वेडी बाभूळ ओळखणे तुलनेने सोपे आहे, कारण मे महिन्यात माळ करपलेला असताना ती हिरवीगार असते.

जलपर्णीविषयी थोडेच लिहिते. गडद पाण्यावरील तिचा हिरवा थर उपग्रहाला सर्वात स्पष्ट दिसतो, आणि नांदूरमध्यमेश्वरसारख्या रामसर दर्जाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळ जागेत किंवा शहरांखालच्या नद्यांत ती कोणत्या आठवड्यात, कोणत्या वळणावर प्रथम जमते हे मागील चित्रांतून काढता येते. ती तिथेच, लहान असताना उचलावी. सांडपाण्याचे नायट्रोजन-फॉस्फरस थांबल्याशिवाय ती जाणार नाही आणि तो विषय आपल्या विभागाच्या हाताबाहेरचा आहे.

लहान असताना उचलण्याचे महत्त्व या राज्याइतके कोणाला ठाऊक असावे? गाजरगवताची देशातील सुरुवातीची नोंद १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यातली आहे. तेव्हा ते काही जागांपुरते होते. आज देशातील बहुतेक सगळ्या राज्यांत ते आहे, त्याने माणसांना दमा आणि त्वचारोग दिले आणि गावोगावचे शेतकरी अजून त्याच्याशी झुंजत आहेत. नवी अनोळखी वनस्पती दिसली तर तिचा फोटो आणि ठिकाण पाठवण्याची सोय, आणि पाठवलेल्या फोटोकडे आठवड्याभरात पाहणारा एक वनस्पतितज्ज्ञ, एवढी व्यवस्था जैवविविधता मंडळाने केली, तर पुढचे गाजरगवत ठिपक्यात असतानाच सापडेल. राज्यातील महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे शेकडो अध्यापक आहेत. त्यांच्यातील अनेकांना अशा कामात सहभागी व्हायला आवडेल, हे मी खात्रीने सांगते.

आता ग्रामसभांविषयी. वनहक्क कायदा, २००६ अन्वये सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आपल्या राज्यात, विशेषतः गडचिरोली आणि अमरावती जिल्ह्यांत, मोठ्या संख्येने आहेत आणि जंगलाचे रक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा अधिकार त्यांना कायद्याने आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने आपले जंगल स्वतः सांभाळून दाखवलेली वाट आपणास माहीत आहे. आमच्या जिल्ह्यातील पायविहीरने उजाड टेकड्यांवर जंगल परत आणून सीताफळ बाजारात नेले. अशा गावांत घाणेरीची जाळी म्हणजे काय हे आकडेवारी देऊन समजवावे लागत नाही : गुरांना चारा नाही, मोहफुले वेचायला झाडाखाली जाता येत नाही, आणि शेताच्या कडेला रानडुक्कर दिवसभर लपून बसते. त्यांच्या वनक्षेत्राचा नकाशा त्यांना मराठीत, त्यांच्या शिवारातील टेकड्यांच्या, नाल्यांच्या आणि देवस्थानांच्या नावांसह मिळावा. तो करताना आम्हाला आलेला अनुभव असा की, कागद जमिनीवर पसरला की वयस्क बाया प्रथम नाले ओळखतात, मग पाणवठे, आणि त्यानंतर 'इथे आमच्या लहानपणी गवत होते' असे बोट ठेवून सांगतात. ते बोट जिथे पडते तिथे काय होते, हे लँडसॅटच्या जुन्या चित्रांत पडताळून पाहता येते, आणि कोणती जागा आधी मोकळी करायची याचा निर्णय त्यातून होतो. लोकजैवविविधता नोंदवह्यांमध्ये, म्हणजे गावच्या जीवसृष्टीची माहिती लिहिलेल्या वह्यांमध्ये, आक्रमक वनस्पतींसाठी असा नकाशा जोडला तर त्या नोंदवह्याही कपाटाबाहेर येतील. घाणेरीच्या फांद्यांपासून कर्नाटकातील मले महादेश्वर टेकड्यांतील सोलिगा कारागीर खुर्च्या, टोपल्या आणि शोभेचे हत्ती घडवतात. आपल्याकडेही तसे काही व्हावे, पण झुडूप कुठून तोडायचे हे नकाशाने ठरवावे, बाजाराने नव्हे. एरवी सोयीच्या, रस्त्याकाठच्या जाळ्याच पुन्हा पुन्हा छाटल्या जातील.

हे नकाशे सार्वजनिक असावेत. वाघांच्या, दुर्मीळ ऑर्किडच्या किंवा औषधी वनस्पतींच्या जागा त्यांतून वगळाव्यात, याबद्दल दुमत नाही. परंतु घाणेरी, रानमोडी, वेडी बाभूळ आणि गिरिपुष्प कुठे आहेत हे लपवण्यासारखे नाही. तामिळनाडूने २०२२ मध्ये आक्रमक वनस्पती आणि अधिवास पुनर्स्थापनेविषयी स्वतंत्र धोरण स्वीकारले. महाराष्ट्राने ते करावे, आणि त्यात नकाशाला परिशिष्टाची जागा न देता कामाच्या मंजुरीची अट म्हणून स्थान द्यावे : मागील तीन वर्षांच्या कामाच्या सीमा नकाशावर नसतील, तर त्या परिक्षेत्राचा नवा प्रस्ताव पुढे जाऊ नये. कार्य आयोजना, म्हणजे जंगलातील कामांचा लेखी आराखडा, साधारण दहा वर्षांसाठी तयार होते. ज्या वन विभागांच्या आयोजना आता सुधारणेला येत आहेत, त्यांच्यात ही अट आत्ताच घालता येईल.

सुरुवात एका नियतक्षेत्रापासून करावी, अशी माझी सूचना आहे. येत्या फेब्रुवारीत, साग निष्पर्ण झाल्यावर, आपण निवडाल त्या परिक्षेत्रातील एका नियतक्षेत्राचा नकाशा आम्ही कोणतेही मानधन न घेता करून देऊ. करवंद, निरगुडी आणि घाणेरी यांच्या आमच्या आजवरच्या सर्व नोंदी, चुकलेल्या धरून, सुदूर संवेदन केंद्राच्या स्वाधीन करू. आम्हाला त्या नियतक्षेत्राचा वनरक्षक आणि तिथे किमान दहा वर्षे काम केलेला एक वनमजूर सलग सहा दिवस सोबत हवा आहे, आणि त्या सहा दिवसांत त्यांना दुसरे कोणतेही काम नेमून दिलेले नसावे, एवढे आदेश आपल्या स्तरावरून निघावेत.

आपली विनम्र,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
अमरावती